वाटून ठेवलेली किल्ली

९ जानेवारी, मंगळवार

ही वही मी मागितली नव्हती. माझा उजवा हात दुखतोय, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे, आणि मला सांगतात रोज एक पान लिही. मी तिसरीपर्यंत शिकले, तीही अर्धी. त्यानंतर सही आणि सामानाच्या चिठ्ठ्या सोडून काही लिहिलं नाही. पण नातीच्या कॉलेजचं माझ्यावाचून अडलंय म्हणे.

नात म्हणजे धाकट्याची मुलगी. धाकटा ट्रकवर असतो, महिन्यातून एकदा तोंड दाखवतो. त्याची बायको आणि मुलगी माझ्याजवळ. मुलगी एका जागी बसत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतो. तिने मला समजावलं ते असं. मी पान लिहायचं, तिने दिलेल्या मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा. मोबाइल त्या फोटोला कुलूप घालतो, त्याचे तुकडे करतो, आणि ते तुकडे लांबलांबच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसतात. अख्खं पान कुणाकडेच नसतं. चारदोन कॉम्प्युटर बंद पडले तरी उरलेल्या तुकड्यांवरून पान परत जुळतं. उघडतं मात्र फक्त माझ्या अंगठ्याने.

"तू वाचशील," मी म्हटलं.

"मलासुद्धा नाही वाचता येणार, आजी. तेच तर करायचंय."

"मग मी लिहून तुला काय मिळणार?"

"चालतंय की नाही ते कळेल. चाचणी आहे."

म्हणजे मी प्रयोगशाळेतला उंदीर. बरं. कुणी वाचणार नसेल तर खरं लिहायला हरकत नाही. भिंगरीला कांदा धड चिरता येत नाही, आणि फोटोचे तुकडे करायला निघाली आहे.

१४ जानेवारी, रविवार

भिंगरीच्या सरांनी सांगितलंय, ह्या तुकड्यांच्या कोठारावर लोकांच्या उपयोगाचं काहीतरी बांधून आणा. काय ते तुमचं तुम्ही ठरवा. तिने जेवताना एकेक कल्पना वाचून दाखवली.

लग्नाचे फोटो ठेवायचं ॲप. मी म्हटलं, ते चोरायला कोण येणार? ज्यांचं लग्न झालं त्यांनाच दोन वर्षांनी बघवत नाहीत.

गाणी. म्हटलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे? खालचा गॅरेजवाला सकाळपासून सगळ्यांना फुकट वाटतोय.

परीक्षेचे पेपर. म्हटलं, तूच ठेवशील आणि तूच फोडशील.

घराची कागदपत्रं. म्हटलं, आधी घर घे.

तिने चमचा आपटला. "मग तूच सांग!"

सुनेला हसू आलं. हसता हसता खोकला आला, आणि तो थांबेना. भिंगरीने पाठीवर हात ठेवला, मी पाणी पुढे केलं. पाणी प्यायलाही फट मिळेना तिला. शांत झाली तेव्हा भात गार झाला होता. मग म्हणाली, "माझे व्हिडिओ ठेव."

सून ओट्याच्या फरशा कापायच्या कारखान्यात पॉलिशला होती. मशीन फिरताना वरून पाणी सोडायचं असतं, म्हणजे धूळ उडत नाही. तिथे कोरडंच कापायचे. घरी यायची तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या, मी हसायचे, म्हणायचे माझ्याआधी म्हातारी झालीस. ती धूळ छातीत गेली की परत येत नाही. डॉक्टर म्हणतात फुप्फुस दगडासारखं होत चाललंय. वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीचा नवरा ह्यानेच गेला. कारखान्याचे साहेब म्हणतात, आमच्याकडे पहिल्या दिवसापासून पाणी आहे. सुनेने आणि तिच्याबरोबर कामाला असलेल्या दोघी बहिणींनी चोरून शेडचे व्हिडिओ काढलेत. ह्याआधी एका पोऱ्याने काढले होते, तर फाटकावर त्याचा मोबाइल घेतला आणि तो टाकीत पडला म्हणे. तेवढ्यापुरतं पाणी होतं त्यांच्याकडे.

कामगार कचेरीत अर्ज दिलाय. मार्चमध्ये सुनावणी आहे.

भिंगरीने जेवण तसंच टाकून कॉम्प्युटर उघडला.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं एकदाचं. व्हिडिओ, छातीचे फोटो, डॉक्टरांचे कागद, सगळं कुलपात जाऊन त्याचे तुकडे झाले. कोणता व्हिडिओ कधीचा तेही त्यात पक्कं राहतं, नंतर कुणाला बदलता येत नाही. वकीलबाई खूश आहेत. त्यानंतर सगळ्यांनी आपापल्या मोबाइलमधून पुसून टाकलं. दोघी बहिणी अजून तिथेच कामाला आहेत आणि फाटकावर मोबाइल तपासतात. सुनेकडेही कारखान्याचा माणूस दोनदा "सहज" येऊन गेला.

आता तिथे नवेकोरे पाइप बसवलेत. कुणी बघायला गेलं तर पाणीच पाणी. म्हणजे ते व्हिडिओ पुन्हा काढता येणार नाहीत. जे आहे ते ह्या तुकड्यांत.

किल्लीचेही भिंगरीने सात भाग केले. सात पेनड्राइव्ह, बोटाच्या पेराएवढ्या. कुठल्याही चार एकत्र आल्या तर उघडतं. तिनांनी काही होत नाही. एक भिंगरीकडे, एक सुनेकडे, एक शिंपिणीकडे, एक शेजारच्या नर्सकडे, दोन त्या दोघी बहिणींकडे, आणि एक खालच्या गॅरेजवाल्याच्या बायकोकडे. पूर्ण किल्ली तिने स्वतःच पुसून टाकली.

"एकीला कुणी धमकावलं तरी त्याच्या हाती काही लागणार नाही," भिंगरी सगळ्यांना उभं करून सांगत होती. "म्हणून कुणालाच द्यायची नाही. घरातल्यांनाही नाही."

"नवऱ्यालाही नाही?" गॅरेजवाली.

"नाही."

"चला, घरात एक तरी वस्तू माझी झाली."

मला दिली नाही. सात जणींत मी नाही. विचारलं तर म्हणाली, "आजी, तू विसरतेस गं." मी चष्मा विसरते. आणखी काय विसरले ते सांगावं तिने.

८ फेब्रुवारी

माझ्या दाराच्या आत खिळ्यांची फळी आहे. इमारतीतल्या बायका कामाला जाताना घराची किल्ली तिथे टांगून जातात. कुणाचं मूल आधी येतं, कुणाचा गॅसवाला येतो, आणि मी कुठे जात नाही. कुठली किल्ली कुणाची ते मला अंधारातही हाताला कळतं. आजवर एकही हरवली नाही.

आज नर्सच्या किल्लीला ती पेनड्राइव्ह लटकलेली. "भोक होतं, अडकवली. मावशी, हॉस्पिटलात दिवसातून दोनदा कपडे बदलते, कुठेतरी पडेल. तुमच्याकडे असलेली बरी. भिंगरीला नका सांगू, ओरडेल."

फळीवर पोरं हात लावतात. काढून बटणांच्या डब्यात टाकली.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

परवा दोघी बहिणी आल्या. फाटकावर आता पिशव्याही उलट्या करून बघतात, आणि घरी भावाचा उजेड, हाताला लागेल ते विकतो. "मावशी, ठेवा." ठेवल्या.

काल शिंपीण. तिचं म्हणणं, नवऱ्याच्या मरणाची वस्तू घरात नको वाटते, रोज दिसते. डोळ्यांत पाणी आणलं तिने. मी म्हटलं, डोळे पूस आणि दे इकडे.

आज गॅरेजवाली धावत आली. नवऱ्याने तिच्या कपाटातून ती काढली होती आणि गाणी भरायला बसला होता. हातातून हिसकावून आणली. "मावशी, तुमच्या घरात पुरुष नाही हे किती बरं आहे!"

पाच झाल्या. सगळ्यांनी एकच सांगितलं, भिंगरीला नको. नाही सांगणार. पण सुनावणीच्या दिवशी डबा पुढे करीन तेव्हा तिचं तोंड बघायचंय. मला सातांत घेतलं नव्हतं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

थोरला आला. किती महिन्यांनी. थोरलाही त्याच कारखान्यात, मिसरूड फुटल्यापासून कापायच्या शेडमध्ये. अर्ज दिल्यापासून इकडे फिरकत नव्हता. सून दवाखान्यात आणि भिंगरी कॉलेजात असताना आला, म्हणजे कुणाची तोंडं वाकडी व्हायला नकोत. समजूतदार आहे तो.

जिना चढताना दोनदा थांबलेला ऐकलं मी. त्याला आता ऑफिसात टेबल दिलंय, मालाची नोंद ठेवायचं. खुर्ची मिळाली की माणूस जड होतो. संत्री आणली होती.

इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "बायकांनी काहीतरी वाटून घेतलंय म्हणे. कॉम्प्युटरचं."

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. तुला तरी काय कळतंय त्यातलं! तुला कोण विचारतंय?"

मला राग आला. म्हटलं, "ज्यांना विचारायचं त्या विचारतात. सात जणींना वाटलं आणि पाच जणींनी माझ्या हातात आणून ठेवलं. कुणावर विश्वास टाकायचा ते बायकांना कळतं."

गप्पच झाला. असा गप्प केला त्याला. मग संत्रं सोलून दिलं मला, लहानपणी मी त्याला द्यायचे तसं, शिरा काढून.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

थोरला पुन्हा आला. मागल्या खेपेला मोरीचा नळ गळताना दिसला म्हणे, तो दुरुस्त करायला. पाना घेऊन आला होता. माझा धाकटा असता तर बादली ठेव म्हणाला असता.

नळ खोलला. वॉशर गेलाय म्हणाला. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे. म्हटलं बघ आतल्या खोलीत, बटणांच्या डब्यात असेल एखादा. बराच वेळ शोधत होता. आला तो हात हलवत. "नाही मिळाला." नळ होता तसाच लावून ठेवला.

चहा टाकते म्हटलं तर घाई आहे म्हणाला. दारात उभा राहून खोकला, ऑफिसातल्या थंड हवेने घसा धरतो म्हणे. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जशी काही मीच त्याची लेक. असं कधी करत नाही तो.

नळ गळतोय. पण एवढ्या लांबून आला, हे काय थोडं झालं?

३ मार्च, रविवार

भिंगरीने सगळ्यांना बोलावलं. वकीलबाईंनी सांगितलं होतं, सुनावणीआधी एकदा उघडून बघा. सातही घेऊन या.

तिने आपली लावली. सुनेची लावली. मग हात पुढे केला.

नर्स माझ्याकडे बघायला लागली. "माझी मावशींकडे आहे."

"माझीही," शिंपीण.

दोघी बहिणी नुसत्या मान हलवून. गॅरेजवाली म्हणाली, "हो ना, आमचीही. मावशींकडे म्हणजे बँकेत."

भिंगरी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं ती हसेल. "सगळ्या? आजी, सगळ्या एका जागी?"

"जागा काय वाईट आहे?" मी म्हटलं आणि डबा आणला. झाकण काढून चादरीवर उपडा केला. बटणं, हूक, एक अंगुस्तान, माझ्या जुन्या पोलक्याची टिचबटणं. बायका गुडघ्यांवर बसून बोटांनी पसरत होत्या. शिंपिणीने तर रंगारंगाची वेगळी केली, हाताची सवय. पाचांतली एकही नव्हती.

"कुठे दुसरीकडे ठेवल्या असतील," नर्स हळू आवाजात म्हणाली, आजाऱ्याशी बोलतात तशी. "आठवा मावशी."

मी विसरले असेन असं त्यांना वाटलं. वाटू दिलं. सगळं घर उलथं केलं त्यांनी, पिठाचा डबासुद्धा. मी मधे बसून होते. आतल्या खोलीत त्या दिवशी कोण गेलं होतं ते मला ठाऊक होतं आणि माझं तोंड उघडलं नाही.

भिंगरी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त सांगितलं, "दोन आहेत. चार लागतात. उघडणार नाही."

"तू केलंस ना ते? मग उघड," गॅरेजवाली.

"मलाही उघडता येऊ नये असंच केलंय."

सून भिंतीला टेकून बसली होती. एवढी माणसं खोलीत, तरी तिचा श्वास वेगळा ऐकू येत होता.

४ मार्च

दुपारी सून म्हणाली, "आई, नळ गळतोच आहे."

"हं."

"पण खालचा नट नुकताच घट्ट केलेला आहे. कोण आलं होतं?"

तिने आवाज चढवला नाही, तेवढा श्वासच नाही तिच्याकडे. म्हणाली, "भावजी आले होते. जिन्यात त्यांचा खोकला गॅरेजवालीने ऐकला. दोन मजले चढायला त्यांना किती वेळ लागला तेही तिने सांगितलं." मग थांबली. "तो खोकला माझ्यासारखाच आहे, आई. माझा सुरुवातीला असाच होता. मीपण म्हणायचे, घसा धरलाय."

मी तांदूळ निवडत होते. निवडून झालेले परत निवडले.

संध्याकाळी भिंगरीला सगळं सांगितलं. संत्र्यापासून. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग कॉम्प्युटर बघितला. म्हणाली, कुणी उघडायचा प्रयत्न केला असता तर तिला इथे दिसलं असतं. अजून कुणी केलेला नाही. "काकाकडे पाच आहेत, आजी. चार पुरतात. साहेबांना दिल्या असत्या तर एव्हाना उघडलं असतं त्यांनी."

म्हणजे त्याच्याकडेच आहेत. नाहीतर कुठल्यातरी गटारात.

५ मार्च, मंगळवार

थोरल्याच्या घरी गेले. बस बदलून. थोरली सून दार उघडून बाजूला झाली, या म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. तो कामावर गेलाच नव्हता. दोन उशा पाठीशी घेऊन बसलेला. आडवं झालं की खोकला येतो, थोरली म्हणाली. कधीपासून? तर पावसाळ्यापासून. मला कुणी सांगितलं नाही.

मी उभ्यानेच विचारलं, "कुठे आहेत?"

"काय?"

"मी तुझी आई आहे, फाटकावरचा पहारेकरी नाही. कुठे आहेत?"

तो खिडकीकडे बघत बोलला. साहेबांनी बोलावून सांगितलं, तुझ्या घरातलंच प्रकरण आहे, तूच मिटव. टेबल देतो, पंखा देतो. "आई, मला शेडमध्ये उभं राहवत नाही. चार फरशा उचलल्या की डोळ्यांपुढे अंधार येतो. टेबल गेलं तर परत शेडमध्ये."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"कारखान्याचा डॉक्टर म्हणतो ॲलर्जी आहे."

"त्यांना दिल्यास का?"

"दिल्या असं समज."

"समजू काय? दिल्यास की नाही?"

तो पोटावर हात बांधून बसला. लहानपणी बाटली फोडली की असाच बसायचा. मी त्याच्या कानफटात मारायला हात उचलला. एवढा मोठा बाप्या, केस पिकलेले, आणि त्याने डोळे मिटून घेतले. मग मी हात खाली घेतला आणि चप्पल शोधली.

थोरली खालपर्यंत आली. "आई, त्यांना शाप देऊ नका."

मी म्हटलं, "मला शाप द्यायला येत नाही. त्याला चांगल्या डॉक्टरकडे ने."

८ मार्च, शुक्रवार

वकीलबाई आल्या होत्या. कारखान्याने साक्षीदारांची नावं दिलीत. पहिलाच थोरला. पहिल्या दिवसापासून शेडमध्ये पाणी होतं असं तो सांगणार.

पुढची तारीख मागून बघू म्हणाल्या. पण सुनेकडे पाहून त्या पुढच्या तारखेचं फार बोलल्या नाहीत.

शिंपीण मला जिन्यात भेटली. मला वाटलं दोन शब्द सुनावील. तिने घराची किल्ली काढली, फळीवर टांगायला खाली आलीच होती ती. मग थांबली, आणि मुठीत धरून तशीच कामाला गेली. बरोबर केलं. फळीवर आज तीनच किल्ल्या आहेत.

भिंगरीने सरांना सांगितलं, माझं काम फसलं. सर म्हणाले, काम तर चोख झालंय, माणसं तशी वागली नाहीत, त्याला तू काय करणार? भिंगरी त्यांना म्हणाली, "माणसं कशी वागतात ते धरूनच बांधायला हवं होतं. मी आजीला बाहेर ठेवलं, तीच चूक झाली." घरी येऊन मला हे सांगितलं. मी म्हटलं, मला बरं वाटावं म्हणून बोलत असशील तर नको. ती म्हणाली, तुला बरं वाटावं असं मी कधी बोलले आहे का? ते खरं आहे.

अजून कुणी उघडलेलं नाही. ती दर तासाला बघते.

१२ मार्च, मंगळवार, सकाळ

आज सुनावणी. सून कपडे करून बसली आहे. वेणी भिंगरीने घातली, हात वर धरले की दम लागतो म्हणून.

भिंगरीने मनात काहीतरी ठरवलंय, मला कळतं. काल वकीलबाईंना फोनवर सांगत होती, पुराव्याचं विचारलं तर मी उभी राहीन, सांगीन की माझ्या ॲपमध्ये खोट होती, किल्ली माझ्याकडून खराब झाली. म्हणजे आजीचं नाव नको, काकाचं नाव नको. विशीतली पोर, आणि सगळ्यांची घाण स्वतःच्या ओंजळीत घ्यायला निघाली. तिच्या कामात खोट नव्हती.

मी आत्ताच थोरलीला फोन केला. तो निघाला का विचारलं. निघताहेत म्हणाली, साहेबांची गाडी येणार होती ती त्यांनी नको म्हणून सांगितली, बसने जातो म्हणाले. का, ते तिला माहीत नाही. मीही त्यातून काही काढत नाही. बसने आलेला माणूसही खोटं बोलू शकतो.

म्हटलं त्याला फोन दे. नुसता श्वास ऐकू येत होता, सुनेचा येतो तसाच. म्हटलं, बोलू नकोस, ऐक. तिथे गेल्यावर मी तुझ्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. किल्ल्या माझ्याकडे होत्या आणि माझ्या घरातून गेल्या, एवढं मी उभी राहून सांगणार. कुणी नेल्या ते विचारतीलच. तेव्हा मी खाली बसणार.

त्याने फोन ठेवला नाही. मीच ठेवला.

भिंगरी दारात उभी राहून चल चल करते आहे. हे पान मी तिला आज उघडून दाखवणार आहे, माझ्याच अंगठ्याने, म्हणजे तिथे गोंधळ नको. पोरी, नीट वाच. तू उठायचं नाहीस. तुझ्या आईने बोलायचं नाही, तिचा दम तिला पुढे लागणार आहे. वकीलबाईंनी तारीख मागायची नाही. बायकांपैकी कुणी माझी बाजू घ्यायची नाही. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं किल्ल्या कुणी नेल्या आणि आता कुठे आहेत, की सगळ्यांनी गप्प बसायचं, कितीही वेळ लागला तरी. त्याचं उत्तर थोरल्याने द्यायचं.